सोकावलेली पाखरं

चिकनकाकांना पाखरांची शिसारी होती आणि ती त्यांनी कधी कुणापासून लपवली नाही. सकाळी चहाचा कप बाकावर ठेवून चष्मा पुसायला वळावं, तर कपाच्या कडेवर चिमणी. वाळत घातलेल्या बनियनवर पांढरा-हिरवा ओघळ. वर्तमानपत्रावर ओघळ, चपलेत ओघळ, एकदा तर चष्म्याच्या काचेवरच. "एवढंसं पोट, त्यात एवढा माल येतो कुठून?" असं पुटपुटत ते रोज बादली आणि खराटा घेऊन अंगण धूत. धुऊन पाठ वळवेपर्यंत मागे पुन्हा टपटप सुरू झालेली असे.

ज्या माणसाने चौतीस वर्षं कोंबड्या कापल्या त्याने पाखरांच्या घाणीला नाक मुरडावं, याचं लोकांना हसू येई. हसोत बापडे. त्यांच्या ताटात जे पडतं त्याच्यामागे कुणी काय निस्तरलंय हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. बाजारामागच्या गल्लीत काकांचं दुकान होतं. पुढे तारेचे पिंजरे, मध्ये लाकडी ठोकळा, मागे गरम पाण्याचं पातेलं आणि पिसांचं पोतं. ओल्या पिसांचा वास साबणाने जात नाही. तो नखांत बसतो, केसांत बसतो, कपाटात घडी घालून ठेवलेल्या लग्नाच्या कोटातही बसतो. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा काकांनी दुकान बंद केलं आणि एकच इच्छा धरून घरी बसले, की उरलेल्या आयुष्यात एकही पीस नजरेला पडू नये. बायको आधीच गेलेली. घर तीन खोल्यांचं, मागे चारी बाजूंनी भिंत असलेलं अंगण, त्यात एक लिंबाचं झाड आणि वेताची खुर्ची. त्या खुर्चीत ते सकाळ-संध्याकाळ बसू लागले आणि पाखरांनी त्यांना बरोबर शोधून काढलं.

काकांनी कधी मुद्दाम दाणा टाकला नाही, हे इथे सांगायलाच हवं, कारण पुढे जो तो त्यांच्या दयाळूपणाच्या गोष्टी सांगू लागला. ब्रेड खाताना सांडेल तेवढाच चुरा. पाखरं आली ती काकांच्या हातांमुळे, आणि ते हात घडले कसे हे कुणी विचारलं नाही. घाबरलेल्या कोंबडीचं मांस चिवट होतं, असं काकांचे वडील सांगत. त्यांचंच दुकान काका पुढे चालवत आले. वडिलांनी त्यांना सुरा धरायला फार उशिरा शिकवलं. आधी शिकवलं ते पिंजऱ्यात हात घालायला. हात खालून न्यायचा, सावकाश, श्वास सोडत. पाखराच्या डोळ्यांत थेट बघायचं नाही. खांदा हलू द्यायचा नाही. हे जमलं की कोंबडी फडफड न करता हातात येते आणि शेजारच्या कोंबडीला पत्ताही लागत नाही. काकांच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की ते कप खाली ठेवत तोसुद्धा कपाची झोप मोडू नये असा. बाकीची माणसं अंगणात येतात ती खोकत, हातवारे करत, दार आपटत. काका नुसते असत. पाखरांना वाटलं असणार, हा माणूस बिनधोक.

आधी चिमण्या आल्या, मग बुलबुल, मग साळुंक्या. महिन्याभरात एक अर्ध्या शेपटीची साळुंकी थेट त्यांच्या गुडघ्यावर येऊन बसू लागली. गुडघ्यावर! जिथे हात लावताना डॉक्टरही विचारतो, तिथे ही बया उडी मारून बसे, मान वाकडी करून त्यांच्या तोंडातल्या घासाकडे बघे आणि जाताना पायजम्यावर आपली निशाणी ठेवून जाई. "अगं, कुणाच्या मांडीवर बसलीयस, काही कळतं का तुला?" असं ते तिला विचारत. तिला काही कळत नसे. घाणीपेक्षा हा मूर्खपणा त्यांना जास्त ओंगळ वाटे. पिंजऱ्यातली कोंबडी निदान नाइलाजाने तिथे असते. ही आपल्या पंखांनी उडत येत होती.

शेजारी पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई राहत. त्यांनी भिंतीवरून डोकावून हे पाहिलं, फोनमध्ये फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला पाठवला.

"काका, पुण्यवान आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "पाखरं अशी कुणाच्याही अंगाखांद्यावर बसत नाहीत."

"बाई, ह्या हातांनी किती माना मोडल्यात ते मला सांगतासुद्धा यायचं नाही."

"म्हणून तर! त्यांनी माफ केलंय तुम्हाला."

बनियनवरच्या ओघळापेक्षा काकांना ह्या वाक्याची किळस आली. ज्यांनी माफ करायचं ती पाखरं वेगळी होती. ती लोकांच्या पातेल्यांत गेली होती, ह्या बाईंच्याही, दर बुधवारी, आणि मांडीचे तुकडे जास्त घाला म्हणून बाई दर वेळी ठोकळ्यापाशी वाकून सांगत. पण गल्लीने एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. चौतीस वर्षं ज्यांना चिकनकाका म्हटलं त्यांना लोक 'पाखरांचे आजोबा' म्हणू लागले. आपण आपले चिकनकाकाच म्हणू. त्यांना तेच बरं वाटे.

बातमी लेकीपर्यंत पोचली. काकांची ही एकुलती एक लेक त्याच शहरात, बसने पाऊण तासावर राहत होती आणि वर्षातून दोनदा येत होती. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे. मुली तिला 'लेगपीस' म्हणत. तिसरीत असताना तिने बापाने भरून दिलेला डबा शाळेच्या मोरीत ओतला. ते काकांना तिच्या वर्गाच्या बाईंकडून कळलं. पुढे ती विमा कंपनीत लागली, लग्न झालं, आणि सासरी तिने सांगितलं की वडिलांचा 'पुरवठ्याचा व्यवसाय' आहे. माहेरी आली की खुर्चीच्या कडेला टेकायची, रुमाल नाकाला लावायची नाही पण नाकापासून फार लांबही न्यायची नाही. काकांना तिचा राग येत नसे. तिला ज्या वासाची किळस यायची त्याची त्यांनाही यायची. बापलेकीचं एवढ्या एका बाबतीत पक्कं एकमत होतं.

नात सात वर्षांची. आजोबांच्या गुडघ्यावरची साळुंकी तिने आईच्या फोनमध्ये पाहिली आणि हट्ट धरून बसली. त्या रविवारी दोघी आल्या. काकांनी नातीला स्टुलावर शेजारी बसवलं, हात कसा ठेवायचा, श्वास कसा सोडायचा ते दाखवलं. तिसऱ्या रविवारी साळुंकी नातीच्या बुटावर चढून लेस ओढायला लागली. नात तोंड दाबून अशी काही हसली की स्वयंपाकघराच्या दारात उभ्या लेकीलाही हसू आवरेना. पाचव्या रविवारी लेकीने आत जाऊन आपणहून चहा टाकला. आठव्या रविवारी म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळेपासून आम्ही जेवायलाच थांबत जाऊ." काका न्हाणीघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभे राहिले.

त्यानंतर पाखरांच्या घाणीबद्दल त्यांनी ब्र काढला नाही. अंगण धुवायचं, बनियन परत धुवायचा आणि मूग गिळून बसायचं. पाखरं आहेत तर रविवार आहे, एवढं त्यांना स्वच्छ कळत होतं. शिसारी मात्र होती तशीच होती.

गल्लीच्या तोंडाशी फोटोवाल्याचा स्टुडिओ होता. घरोघरी फोन आल्यापासून पासपोर्ट फोटोशिवाय तिकडे कुणी फिरकत नसे. माणूस बोलायला साखर, आणि समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी वळवायची सवय त्याला रस्त्यातही सुटत नसे. तो एकदा अंगणात आला. "काका, शनिवार-रविवार हे अंगण मला द्या. लोक पाखरांबरोबर फोटो काढून घेतील."

काकांनी नाही म्हटलं, कारण रविवार नातीचा. फोटोवाला हसत हसत गेला आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या गच्चीवर ब्रेड कुस्करून टाकायला लागला. काकांच्या अंगणात माणसाला सोकावलेली पाखरं, ती गच्चीवर जायला कशाला लाजतात? आठवड्यात पाटी लागली, 'पाखरांसोबत आठवणीतला फोटो'. गल्लीतल्या नव्या नवऱ्या, तान्ही बाळं, निवृत्त मंडळी, सगळी नटूनथटून जिना चढू लागली. पोस्टातल्या बाई दोनदा गेल्या, कारण पहिल्या फोटोत त्यांचे डोळे मिटले होते.

नातीच्या वाढदिवसानंतरच्या रविवारी लेक कागदात गुंडाळलेली एक चौकट घेऊन आली. "तुमच्यासाठी, बाबा. तुमच्या भिंतीवर काहीच नाही." लग्न झाल्यापासून लेकीने बापासाठी आणलेली ही पहिली वस्तू. आत नातीचा मोठा रंगीत फोटो होता, वाढदिवशी गुपचूप फोटोवाल्याच्या गच्चीवर जाऊन काढलेला. नवा फ्रॉक, हातात काडी, काडीवर बुलबुल. नात खुदकन हसतेय आणि बुलबुल ऐटीत बसलाय, असं कुणीही म्हटलं असतं. काकांनी चौकट उजेडात धरली. बुलबुलाची पिसं अंगाला घट्ट दाबलेली होती. चोच किंचित उघडी, पंख खांद्यातून सुटलेले. आणि पायांनी काडी धरलेलीच नव्हती. बोटं तिच्यावर सपाट पसरली होती. घाबरलेलं पाखरू दिसतं कसं, हे त्या गल्लीत काकांइतकं कुणाला ठाऊक असणार? हा बुलबुल मरणाच्या भीतीने गारठला होता, आणि त्याच्यावर नात हसत होती.

"आवडला ना?" लेकीने विचारलं.

"छान आहे," काका म्हणाले आणि खिळा शोधायला उठले. स्वतःच्या जिभेची त्यांना एवढी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

दोन दिवसांनी एक बुलबुल अंगणात आला. शेपटी उपटलेली, पायाच्या बोटांना पिवळट चिकट गोळा, त्यात माती आणि त्याचीच पिसं अडकलेली. उंदीर पकडायला पुठ्ठ्यावर लावतात तो गोंद. काकांनी वासावरून ओळखला. आणि माणसाच्या हातून एवढं सगळं झाल्यावर हे पाखरू आलं कुठे, तर परत माणसाच्याच खुर्चीवर! त्यांनी त्याला हातात घेतलं, खायच्या तेलाने एकेक बोट सोडवलं, पायात चपला सरकवल्या आणि फोटोवाल्याची गच्ची गाठली.

गच्चीवर निळा पडदा होता, पुठ्ठ्याचे ढग होते, काड्यांची जुडी आणि गोंदाची नळी होती. कोपऱ्यात बुटांच्या खोक्यात तीन चिमण्या आणि एक बुलबुल पडले होते. मुंग्यांची रांग एका बाजूने आत जात होती आणि दुसऱ्या बाजूने काहीबाही घेऊन बाहेर येत होती. तिथून दोन हातांवर फोटोवाला डबा उघडून जेवत बसला होता.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"मरतात हो एखाद्या वेळी. नाजूक जीव. बसा ना काका, दोन घास घ्या."

"पाय चिकटवतोस त्यांचे?"

"मिनिटभर! नाहीतर हलतात, फोटो बिघडतो. आणि हे तुम्ही बोलायचं? तुम्ही? मी निदान मारत तरी नाही."

"मी मारत होतो," काका म्हणाले. "चिकटवत नव्हतो. आणि शेजारी उभं राहून कुणाला हसायला सांगत नव्हतो."

फोटोवाल्याने बोटं चाटली. "लोकांना आवडतं, काका. तुमच्याच नातीचा बघा, किती गोड आलाय."

काकांनी गल्लीतल्या चार घरी जाऊन सांगितलं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "इश्श, काहीतरीच! माझ्या काडीवर किती शांत बसला होता तो." बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या बघण्याचा अर्थ काकांना कळला. जन्मभर कोंबड्या कापल्या, आता आलाय कळवळा. लेकीला सांगावं असं दहादा मनात आलं. पण मग तिने हौसेने आणलेली एकुलती एक वस्तू भिंतीवरून उतरवावी लागली असती, आणि नात हसत होती तेव्हा तिच्या हातातल्या पाखराचं काय चाललं होतं हेही बोलावं लागलं असतं. ते त्यांच्याने होईना. शिवाय ही गच्ची बंद झाली तरी दुसरी उघडली असती. माणसाला भिणं सोडलेलं पाखरू कुणाच्याही हाती लागणार, आणि त्याचं भिणं सुटलं होतं काकांच्या अंगणात.

तेव्हा पाखरांनाच हाकलायचं. शुक्रवारी त्यांनी ताट आणि उलथणं घेऊन अंगणात ठणठणाट केला. साळुंक्या एक उडी मागे सरकल्या आणि कौतुकाने बघत राहिल्या. काठी उगारली, तर काठीवर चिमणी बसली. खडा मारला तो सवयीने इतका अलगद पडला की बुलबुलाने जवळ येऊन तो खाण्यासारखा आहे का ते पाहिलं. पाखराला न घाबरवण्यात जन्म गेलेल्या देहाला घाबरवणं म्हणून जमेना.

एक उपाय होता. जिवंत पाखरू पाय धरून उलटं टांगलं की जे किंचाळतं, ते ऐकणारी पाखरं त्या जागेच्या आणि माणसाच्या हाताच्या वाऱ्याला पुन्हा उभी राहत नाहीत. काकांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण जन्मभर त्यांनी तेवढंच टाळलं होतं. पण त्यासाठी पाखरू सगळ्यांत धीट हवं आणि हात सगळ्यांच्या ओळखीचा. म्हणजे पाखरं वाचणार, अंगण ओस पडणार आणि रविवार संपणार. शनिवारी ते जेवले नाहीत. दुपारी लेकीला फोन लावला.

"उद्या येऊ नका."

"का? बरं नाही का तुम्हाला?"

"बरं आहे. पण येऊ नका." आणि फोन ठेवून दिला.

असा फोन केला की लेक हातातलं काम टाकून धावत येते, हे दुसऱ्या कुठल्याही बापाला कळलं असतं. ह्यांना आपली काळजी करणारी लेक मिळून दोनच महिने झाले होते.

रविवारी सकाळी अंगण पाखरांनी गजबजलं होतं. अर्ध्या शेपटीची साळुंकी गुडघ्यावर आली. काकांनी हात खालून नेला, श्वास सोडला. तिने पंखसुद्धा हलवला नाही, उलट त्यांच्या बोटांत ऐसपैस बसली. तेवढ्यासाठी त्यांना तिचा संताप आला. त्यांनी तिचे दोन्ही पाय धरले आणि तिला उलटी केली.

किंचाळी अशी होती की भिंतीपलीकडे पोस्टातल्या बाईंच्या हातून काहीतरी पडून फुटलं. झाडावरून, पन्हळीवरून, दोरीवरून सगळी पाखरं उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. साळुंकी वळून वळून मनगटावर चोची मारत होती, त्यांची बाही घाण करत होती, आणि काका खुर्चीसमोर उभे राहून हात उंच धरून होते, सगळ्यांना दिसेल असा. त्यांना स्वतःचीच शिसारी येत होती.

"आजोबा! सोडा तिला!"

स्वयंपाकघराच्या दारात नात उभी होती. तिच्यामागे लेक, हातात औषधाच्या दुकानातली पिशवी.

सोडता आलं असतं. पण दोन बुलबुल पुन्हा भिंतीवर टेकले होते आणि लिंबाच्या शेंड्यावर चिमण्या. आता सोडलं तर उद्या सगळी इथे, परवा गच्चीवर. काका नातीकडे बघत राहिले आणि हात त्यांनी खाली घेतला नाही. नात रडत रडत पुन्हा ओरडली, मग आईच्या कमरेत तोंड लपवून हुंदके देऊ लागली. शेवटची चिमणी भिंतीपलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी साळुंकीला सुलट केलं आणि सोडलं. ती धडपणे उडून गेली.

"बाबा, काय केलंत हे?" लेक म्हणाली.

काकांनी सगळं सांगितलं. गोंद, काड्या, खोकं, मुंग्या. भिंतीवरच्या फोटोतल्या बुलबुलाची चोच कशी आहे, पाय कसे आहेत, तेही सांगितलं. लेकीने आत जाऊन फोटोतला बुलबुल जवळून बघितला. परत आली ती चौकट उतरवून, पालथी करून काखेत धरून.

"मला आधी सांगायचं होतंत."

"तू हौसेने आणला होतास."

लेकीला पटलं होतं. ते काकांना तिच्या तोंडावर दिसलं आणि क्षणभर त्यांचा जीव भांड्यात पडला. नात मात्र पटायच्या वयाची नव्हती. तिने नाक पुसलं, झाडाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"आता पाखरं परत नाही येणार?"

"नाही, बाळा."

"कधीच?"

"कधीच नाही."

नातीने मान वर करून आईला विचारलं, "मग आपण इथे कशाला यायचं?"

लेक काही बोलेल म्हणून काका थांबले. तिने नातीचे केस सारखे केले, औषधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिला हाताला धरून बाहेर नेलं. उंबऱ्याशी वळून म्हणाली, "पुढच्या रविवारचं... बघते, बाबा."

"हो, बघ," काका म्हणाले. चौतीस वर्षं गिऱ्हाइकांचं 'बघतो' ऐकलेल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी फोड करून सांगावा लागत नाही.

थोड्या वेळाने गच्चीवरून शीळ ऐकू आली. फोटोवाला ब्रेड उधळत पाखरांना बोलावत होता आणि जिन्यात नटलेली माणसं खोळंबली होती. शीळ पुन्हा वाजली, मग टाळ्या वाजल्या, मग कुणावर तरी तो खेकसला. एकही पाखरू आलं नाही. काकांना मनापासून आनंद झाला. नात रडत गेली त्याला दहा मिनिटं झाली नव्हती आणि आपल्याला आनंद होतोय, ह्याची त्यांना इतकी किळस आली की ते खुर्चीला धरून तिथेच, ओल्या फरशीवर, खाली बसले.